मोबाईलवर वरते कोण?

पुंड्या, लेका,

तुझ्यावर चार शब्द लिही, असं आपल्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला ग्रुपवर सांगितलं आहे. "गावंडे सर, तुमी त्यांचे जिवलग. तुमीच लिहा." मी म्हटलं, त्याच्यावर नाही लिहिणार, त्यालाच लिहीन. तुझ्या पाठीमागं कुणी काही बोललेलं तुला खपत नसे. तोंडावर बोललेलंही खपत नसे, पण निदान भांडता तरी येत असे.

आणि हे मी मास्तरी मराठीत लिहून राहिलो म्हणून तिकडं नाक मुरडू नको. हातात पेन आलं की मी आपोआप फळ्यासमोर उभा राहतो, त्याला इलाज नाही. तू तर निरोपसमारंभाच्या भाषणातही मुख्याध्यापकांना "तुमाले का समजते बाप्पा चित्रातलं" म्हणाला होतास आणि वर टाळ्या घेतल्या होत्यास. मला ते या जन्मी जमणार नाही.

तू गेलास आणि मागं प्रश्न एकच ठेवलास, की आपलं प्रदर्शन होणार की नाही. त्याचं उत्तर सांगतो, पण माझ्या क्रमानं. मधला मजकूर गाळून थेट शेवट विचारायची तुझी खोड मला माहीत आहे. या वेळी ऐकून घ्यावंच लागेल, मधे बोलायची सोय तू स्वतःच घालवली आहेस.

तुला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगून टाकतो. तू नांदगाव खंडेश्वरचा, मी तेल्हाऱ्याचा. चित्रकलेच्या कॉलेजात एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर खिचडी करपवली, आणि दोघांचं मिळून एक प्रदर्शन लावायचं हे तेव्हाच ठरवलं. मग तू अमरावतीत ड्रॉइंग मास्तर झालास, मी अकोल्यात. पुढं सगळी नोकरी आपण पोट्ट्यांकडून पेरू, माठ आणि 'माझा आवडता सण' काढून घेण्यात घालवली. स्वतःची चित्रं उन्हाळ्याच्या सुटीत काढायची आणि पलंगाखाली सरकवायची. निवृत्त झालो, गुडघे बोलायला लागले, तेव्हा एक दिवस तुझा फोन आला. "भास्क्या, आता नाई लावलं तं लोकं आपल्या तेरवीले लावतीन." तू फोनवर नेहमी नदीच्या पलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं बोलायचास, त्यामुळं हे वाक्य तुझ्याकडं वहिनींनी आणि माझ्याकडं आमच्या हिनंही ऐकलं. 

कुठं लावायचं, यावर पहिलं भांडण. अकोल्यात लावलं तर अमरावतीचा माणूस उन्हात बडनेऱ्याच्या पुढं सरकत नाही, हे तुझं म्हणणं. अमरावतीत लावलं तर अकोलेकर मुद्दाम येणार नाहीत, हे माझं. शेवटी मूर्तिजापूर ठरलं. बरोबर मधे, दोघांचीही सारखीच गैरसोय. तिथं चित्रांचा हॉल कुठला असायला. एक मंगल कार्यालय मिळालं, लग्नतिथी नसलेल्या रविवारचं. मालकानं वही उघडून विचारलं, "मुलीकडचे कोण?" तू माझ्याकडं बोट दाखवलंस.

आतल्या दोन खोल्यांवर पाट्या होत्या, वरपक्ष आणि वधूपक्ष. कोणाची चित्रं कुठल्या खोलीत टांगायची हा वाद तेव्हाच सुरू झाला आणि तू असेपर्यंत मिटला नाही. तू नाहीस म्हणून मी तो जिंकला, असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं मात्र वाटतं.

आता निमंत्रणाच्या त्या पानाकडं येतो. तुझी सून श्वेता घरी बसून दुकानदारांच्या आणि दवाखान्यांच्या वेबसाइटी करते. ती म्हणाली, "बाबा, पत्रिका छापू नका. मी एकपानी वेबसाइट करून देते. लिंक पाठवली की झालं." 

तू म्हणालास, "एकच पान? लग्नपत्रिकेले बी चार असतेत."

"एकच, पण लांब. बोटानं सरकवत खाली जायचं. आधी चित्र, मग तुम्हा दोघांची नावं, मग निवडक चित्रं, मग पत्ता, नकाशा आणि शेवटी 'मी येणार' असं बटण. आणि पान रिस्पॉन्सिव्ह असेल."

"म्हंजे का वं बेटा?"

"म्हणजे पान तेच. लॅपटॉपवर उघडलं तर ऐसपैस बसेल, मोबाईलवर उघडलं तर अंग चोरून बसेल. जशी जागा तसं."

"म्हंजे सुनेवानी," तू म्हणालास.

"हो," लॅपटॉपवरची नजर न काढता श्वेता म्हणाली, "आणि काही बिघडलं की बोलणी तिलाच." स्वैपाकघरातून वहिनींचा खोकला ऐकू आला. तू चष्मा पुसायला घेतलास.

मजकूर तू लिहिलास, ही पहिली चूक. तू आयुष्यात चित्रप्रदर्शनाचं निमंत्रण लिहिलं नव्हतंस, लग्नाची मात्र शंभर गावांना पुरतील इतकी लिहून दिली होतीस. त्यामुळं पानाची सुरुवातच 'श्रीकृपेकरून'. खाली निमंत्रक म्हणून तुझे साडू, माझे व्याही आणि तुझे ते दोन मेहुणे, ज्यांना चित्रातलं इतकंच कळतं की ते भिंतीला लावतात. त्याखाली 'आहेर आणू नये'. श्वेता म्हणाली, "बाबा, प्रदर्शनाला आहेर कोण आणेल?" तू म्हणालास, "लिवलं नाई तं आणतीन." आणि सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरांत, 'वानखडे – गावंडे'. त्याखाली मंगल कार्यालय, मूर्तिजापूर.

पान सुरू झालं आणि फोन सुरू झाले. नांदगावची तुझी म्हातारी आत्या रडकुंडीला आली होती. "पुंडलिका, नातीचं जमवलं अन् मले सांगतलं बी नाई? एवढी का मी परकी झाली?" तेल्हाऱ्याच्या माझ्या चुलतभावानं 'मी येणार' हे बटण दाबलं, बायकोकडून दाबून घेतलं, आणि मला विचारलं, "पंगत किती वाजता हाये?" मी सांगितलं, बाबा रे, चित्रं पाहायची आहेत. तो म्हणाला, "पाहू ना. पण जेवण आधी का नंतर?" अशी विचारणा इतकी झाली की शेवटी आपण दोघांनी हात टेकले आणि वांग्याची भाजी अन् रोडगे ठरवले. जगात कुठल्याही चित्रकारानं प्रदर्शनाआधी आचाऱ्याला सुपारी दिली नसेल. आपण दिली.

निवडक चित्रांवरून जे झालं ते इथं सगळं लिहिणार नाही, विद्यार्थी वाचतात. पण मूळ मुद्दा असा, की तुझ्या चित्रात कोणी नसतं आणि माझ्या चित्रात उभं राहायला जागा नसते. मी कौंडण्यपूरची जत्रा काढली तर फुगेवाल्यापासून आंधळ्या भजनीबुवापर्यंत सगळे पाहिजेत. तू काढणार अमरावतीची मे महिन्यातली दुपार: बंद दारं, पांढरं पडलेलं ऊन, कडुलिंबाखाली एक रिकामी बाज. मी दर वेळी विचारायचो, "लेका, यात माणूस कुठी हाये?" तू म्हणायचास, "आत झोपला हाये. ऊन उतरलं की येईन बाहेर."

आणि मोबाईलवर काय झालं? माझी जत्रा त्या बोटभर खिडकीत शिरली आणि गुळाला मुंग्या लागल्यासारखी दिसायला लागली. तुझी बाज मात्र तिथंही निवांत पडलेली. तू ते मला मुद्दाम फोन करून सांगितलंस. 

पण खरा पेटारा अजून उघडायचा होता. श्वेतानं तुझ्या घरी लॅपटॉपवर पान दाखवलं तेव्हा डावीकडं तू होतास, उजवीकडं मी, मधे बारीक रेघ. पंगतीत शेजारी शेजारी पाट मांडल्यासारखे. मी म्हटलं, झ्याक! बसनं अकोल्याला आलो, आणि मोठ्या कौतुकानं हिला मोबाईलवर तेच पान उघडून दिलं. वर तू. तुझं नाव, तुझा फोटो, मग तुझी चित्रं एकाखाली एक. ही अंगठ्यानं सरकवत राहिली.

"तुमी कुठी हाये?"

"येतो ना. खालते हाये."

"अजून खालते?"

"थोडं अजून."

कुकरची शिट्टी झाली, ती उठून गेली. मी काही आलोच नाही.

पडदा अरुंद झाला की दोन रांगा शेजारी मावत नाहीत. डावी वर राहते, उजवी तिच्या खाली जाऊन बसते. हे मला श्वेतानं नंतर समजावून सांगितलं. पण तेव्हा मी समजून घ्यायच्या अवस्थेत नव्हतो. मी तुला फोन लावला.

"पुंड्या, मोबाईलमंधी तू वरते अन् मी खालते कावून बे?"

"मले का मालूम? मशीन करते ते."

"मशीन तुह्या सुनेच्या हातात हाये!"

"सून माही असंन, माहेर तं अकोल्याचं हाये! तुह्याच गावची पोट्टी हाये, तिले इचार!"

मग तू म्हणालास, नावानं लावा. प आधी येतो, भ मागून. मी म्हटलं, आडनावानं लावा. ग आधी येतो, व कुठल्या कुठं. तू वय काढलंस, कारण तू माझ्यापेक्षा एका पोळ्यानं मोठा. मी गाव काढलं, कारण शब्दकोशात अकोला आधी आणि अमरावती नंतर. तू म्हणालास, शब्दकोश बसस्टँडवर कोणी पाहत नाही. मी म्हटलं, मग माझी चित्रं पण कोणी पाहू नका, मी देतच नाही. आणि फोन ठेवला. लग्नात मानाचा जावई रुसून गाडीत जाऊन बसतो, तसा मी अकोल्यात जाऊन बसलो. आधीच अकोल्यात होतो, तरी.

बाहेरचा कोणी म्हणेल, साठी उलटलेली माणसं, आणि नाव वर की खाली यावरून भांडतात? म्हणू दे. त्याचं नाव कधी शेवटच्या ओळीत छापलं गेलं नसेल. तुझं माझं जन्मभर तिथंच छापलं. शाळेच्या फलकावर मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, गणित, विज्ञान, मग पीटी, मग ड्रॉइंग. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत 'सजावट' या शब्दापुढं, आभाराच्या वरच्या ओळीत, जिथवर वाचत कोणी येत नाही. रात्रंदिवस खपून पडदे आपण रंगवायचे आणि हार गणिताच्या मास्तराला. आपल्या दोघांनाही आयुष्यात एकदा वर यायचं होतं रे. तुला जेवढं, तेवढंच मला. म्हणून तर कोणी सरकेना.

वहिनींनी समेट घडवला. मूर्तिजापूरला, त्याच कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर. तू एका बाकावर, मी दुसऱ्या बाकावर, दोघंही रस्त्याकडं पाहून राहिलेले. श्वेतानं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "काका, बाबा, ऐका. मी असं केलं आहे की मोबाईलवर पान दर वेळी नव्यानं उघडलं की कोण वर ते पानच ठरवेल. कधी बाबा, कधी काका. चिठ्ठी टाकल्यासारखं. माझाही त्यात हात नाही."

वहिनी म्हणाल्या, "त्यापेक्षा दोघाईले खालते टाक पोरी, अन् रोडगे वरते ठेव. लोकं त्याच्यासाठीच येऊन राहिले."

तू मोबाईल काढलास, पान उघडलंस. तू वर. "पाह्य!" म्हणून तू फोन माझ्या नाकापुढं धरलास. मी माझ्या फोनवर उघडलं. पुन्हा तूच वर. माझा जीव वर-खाली. मग श्वेतानं दाखवलं, की पान बोटानं खाली ओढून सोडलं की ते नव्यानं उघडतं. मी ओढलं, सोडलं, आणि मी वर आलो. मग तू चहाचे पैसे दिलेस आणि मी देऊ दिले, म्हणजे भांडण मिटलं.

पण तुला ती ओढण्याची कला शिकवली, ही त्या पोरीची चूक झाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी ग्रुपवर तुझा फोटो: मोबाईलचा पडदा, वर तुझं नाव, आणि खाली 'सुप्रभात'. मी समजलो. तू वर येईपर्यंत पान ओढत बसला होतास आणि आलास की फोटो काढलास. मग मीही तेच केलं. तुझा चहा लवकर होतो म्हणून तू आधी टाकायचास, मी अंघोळ न करता मागून टाकायचो. पोट्टे बिचारे दोघांनाही 'नमस्कार सर' लिहायचे. एका वकील झालेल्यानं मला वेगळा फोन करून विचारलं, "सर, हे नेमकं का चालू हाये?" मी म्हटलं, "प्रचार."

खरं सांगू? तो महिना मला फार आवडला. चाळीस वर्षांत आपण इतके रोज बोललो नव्हतो.

त्या दिवशी दुपारी मी वर आलेला फोटो टाकला. तुझा उलटा फोटो आला नाही. मी मनात म्हटलं, जळला! पोळी खाताना हिला सांगितलंसुद्धा, आज अमरावती गार झाली. संध्याकाळी श्वेताचा फोन आला. "काका," म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, "सांग तुह्या सासऱ्याले, आज अकोला वरते हाये." ती रडायला लागली.

कूलर लावून दुपारचा झोपलास आणि उठला नाहीस, एवढंच मला सांगितलं. मी पोचलो तेव्हा तुझ्या गल्लीत लोक उभे होते, कडुलिंबाखाली तीच बाज होती. ऊन केव्हाच उतरलं होतं, आणि तू बाहेर आला नाहीस. मला असा राग आला पुंड्या, की मला रडूसुद्धा येईना. मी तुझ्या साडूंवर खेकसलो, की इथं कूलर कोणी बंद केला. त्यांनी मुकाट्यानं पुन्हा लावला.

तर, प्रदर्शन. तेरवीच्या दिवशी सगळे ओसरीवर बसले होते. तुझे साडू म्हणाले, घरात असं झालं, आता वर्षभर शुभकार्य नको. मी म्हटलं, अहो, ते लग्न नाही, चित्रं आहेत. ते म्हणाले, "पण पत्रिका तं निंघाली ना." पुन्हा तेच! मेहुण्यांनी सुचवलं, एकट्या गावंड्यांचं लावा. एकट्याचं लावायचं असतं तर मी तेल्हाऱ्यात नसतं का लावलं, आमच्या ओट्यावर? मी उठून चपला शोधायला लागलो. माझं ठरलं होतं, चित्रं पलंगाखाली परत सरकवायची आणि संपवायचं.

तेवढ्यात वहिनी आतून आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उभ्यानंच म्हणाल्या, "भाऊजी, बसा. आवतन देऊन झालं. माणसं यायले निंघाली. आता का त्याईले दारातून वापस पाठवता? अन् तेरवीची वाट कायले पाहता, ती तं आजच झाली. ते म्हनत होते का नाई, आता नाई लावलं तं तेरवीले लावतीन?" साडूंनी खाली पाहिलं. आचाऱ्याला नाही म्हणायचं कोणाच्या अंगावर टाकावं हाही प्रश्न होताच, तो सुटला.

मग श्वेता हळूच माझ्याजवळ येऊन बसली. लॅपटॉप आणला होता. "काका, एक विचारू? पानावर बाबांच्या नावाआधी कैलासवासी लावू का? आणि आता मोबाईलवर त्यांचंच नाव कायम वर ठेवते. चालेल ना तुम्हाला?"

पोरीनं किती मायेनं विचारलं होतं. आणि मी भर ओसरीवर ओरडलो, "कायमचं? अन् माहा मान कुठी गेला?"

साडूंच्या हातातला पेला तिथंच थांबला. माझ्या मलाच लाज वाटली. आणि मग, पुंड्या, वहिनी हसल्या. तोंडावर पदर घेऊन हसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि पाणी आल्यावर थांबलंच नाही. त्यांचा हात धरून श्वेताही रडली. आमची ही माझ्याकडं असं पाहत होती, की घरी गेल्यावर मला जेवण मिळतं की नाही.

मी श्वेताला म्हटलं, "बेटा, कैलासवासी लावू नको. अन् अदलाबदल चालू ठेव, जशी आहे तशी." तिनं विचारलं, का? मला नीट सांगता आलं नाही. तुला सांगतो. तुला कायमचं वर बसवलं की हार घालून भिंतीवर चढवल्यासारखं झालं. मग तुझ्याशी भांडायचं कोणी? वर यायचं तर चिठ्ठीत येशील. मला हरवून येशील. फुकटात नाही.

खोल्यांचाही निकाल लावला आहे. वरपक्ष आणि वधूपक्ष दोन्हींना कुलूप. चित्रं मोठ्या हॉलमध्येच लागतील, एक तुझं, एक माझं, एक तुझं, एक माझं. माझ्या जत्रेतला माणूस चालून चालून थकला तर शेजारीच तुझ्या बाजेवर टेकेल. आणि स्टेजवर, जिथं नवरानवरीच्या खुर्च्या असतात, तिथं एकच चित्र ठेवणार आहे, तुझी ती दुपार. मालक म्हणाला, स्टेज मोकळं मोकळं वाटते, दोन खुर्च्या तरी ठेवा. मी म्हटलं, राहू दे मोकळं. तूही ती दुपार तशीच मोकळी काढली आहेस. 

ते चित्र चांगलं आहे, पुंड्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच कळलं होतं. त्या बंद दारामागं माणूस आहे हे दिसतं, मलाही दिसत होतं, तू सांगायच्या आधी. पण तुला म्हटलं असतं तर तू आठवडाभर फोन करून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं असतंस. म्हणून राहून गेलं. आता बोललो. तेरवीच्या दिवशी आत जाऊन वहिनींनाही सांगितलं, त्या म्हणाल्या, "त्याईले मालूम होतं. म्हनत, भास्क्या ज्याले नावं ठेवते ते चांगलं असते." म्हणजे इथंही तूच जिंकलास.

नांदगावची आत्या येणार आहे. तिला सगळं समजावून सांगितलं. लग्न नाही, आहेर नाही, पुंडलिकाची चित्रं आहेत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तरी टोपी-रुमाल आणीनच मी. त्याच्या चित्राले बांधीन." मी नाही म्हटलं नाही. तू लिहिलं होतंस तरी आणतात, हे तुला कळावं म्हणून सांगितलं.

आज सकाळी पान उघडलं. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. वर मी. भास्कर गावंडे, अकोला. मागच्या महिन्यात हे पाहून मी दाढीसुद्धा न करता फोटो टाकला असता. आज ते नाव पाहवेना. बोटानं पान खाली ओढलं, सोडलं. पुन्हा मी. ओढलं. पुन्हा मीच. जेव्हा पाहिजे होतो तेव्हा येत नव्हतो, आणि आज हटून बसलो होतो. शेवटी श्वेताला फोन केला, "बेटा, पान बिघडलं का?" ती म्हणाली, "नाही काका. चिठ्ठी आहे, कधी कधी होतं असं. ओढत राहा." 

चहा गार झाला. ही दोनदा येऊन पाहून गेली. मी ओढत राहिलो. 

आणि मग आलास. पुंडलिक वानखडे, अमरावती. वर. त्याखाली तुझी बाज, आणि कितीतरी खाली, अंगठा दुखेल इतकं खाली, मी. 

मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सुप्रभात. रविवारी या.'

लगेच फुगू नको लेका. उद्या पुन्हा पाहू.